बाबांनी न विचारलेला प्रश्न

माझे वडील चाळीस वर्षांपासून वकील आहेत. विधायक होते ते जेमतेम दीड वर्ष. आमच्या इंदूरमध्ये आमदार कुणी म्हणत नाही, विधायकच म्हणतात. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून सगळे त्यांना 'विधायकजी' म्हणायला लागले. आई मात्र त्यांना 'वकीलसाहेब'च म्हणत राहिली, आणि तेही चिडली असेल तेव्हाच.

आमचे पणजोबा संस्थानच्या काळात कारकून म्हणून इकडे आले. आजोबा शाळेत मास्तर होते. घराण्यातले पहिले वकील बाबा, आणि राजकारणात पडलेले पहिले आणि शेवटचेही तेच. त्यात ते शिरले सियागंजच्या घाऊक बाजारातल्या हम्मालांमुळे. पाठीवर पोती वाहणाऱ्या त्या माणसांच्या मारामाऱ्या, अपघात, पोलिसांनी उगाच उचलून नेलेले भाऊ आणि नवरे, अशा केसेस ते घ्यायचे. वीस वर्षं ती माणसं घरी येत-जात राहिली. मग कुणीतरी म्हणालं की साहेब, तुम्हीच उभे राहा. दोनदा पडले. तिसऱ्यांदा थोड्या मतांनी आले.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. मीही वकील आहे आणि त्यांच्याकडेच काम करते. हे सगळं घडलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.

त्या आठ दिवसांचं सांगण्याआधी एका केसबद्दल सांगायला हवं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

सियागंजात एका गोदामाबाहेर दिवेलागणीच्या वेळी भांडण झालं होतं. पोती ओढायच्या लोखंडी आकड्याचा घाव बसून मुकादम मेला. पोलिसांनी एका हम्मालाला धरलं. साक्षीदार एकच होता, गोदामाचा चौकीदार. त्याने कोर्टात सांगितलं की मी दारात उभा होतो, याला घाव घालताना मी डोळ्यांनी पाहिलं. केस बाबांनी लढवली आणि ते हरले. हम्मालाला जन्मठेप झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाबा फाईल घेऊन बसले होते. चौकीदाराने घटनेच्या दिवशी ठाण्यात लिहून दिलेली फिर्याद त्यांनी पुन्हा वाचली आणि माझ्याकडे सरकवली. त्यात त्याने लिहिलं होतं की आरडाओरडा ऐकून मी आतून टॉर्च घेऊन आलो, तेव्हा मुकादम खाली पडलेला दिसला. म्हणजे अंधार होता. म्हणजे तो आला तेव्हा घाव घालून झाला होता. कोर्टात उलट तपासणी करताना त्याला या टॉर्चबद्दल एक प्रश्न विचारला असता तर केस उलटली असती. तो प्रश्न विचारला गेला नाही. ज्या दिवशी चौकीदाराची जिरह, म्हणजे ही उलट तपासणी, होती, त्या दिवशी बाबांची दुपारी प्रचारसभा होती. ती त्यांची दुसरी निवडणूक. वीस मिनिटांत जिरह आटोपून ते निघाले होते. सनद मिळून मला तेव्हा दोनच महिने झाले होते. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि फिर्यादीची नक्कल माझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये होती.

आम्ही हायकोर्टात अपील केलं. ते जवळजवळ सात वर्षं पडून राहिलं. माणूस आत. त्याची बायको सियागंजात धान्य निवडायचं काम करायची. ती दर महिन्याला यायची, दारातच उभी राहायची आणि सुनावणीची तारीख लागली का एवढंच विचारायची, "पेशी लगी क्या?" बाबा विधायक झाल्यावरही तिला स्वतः उत्तर द्यायचे. हे अपील मी स्वतः चालवेन, असं त्यांनी तिला वचन दिलं होतं.

शेवटी अपील अंतिम सुनावणीला लागलं. गुरुवारची तारीख. त्याआधीच्या शनिवारी सकाळी बाबा भोपाळला गेले. पक्षाची बैठक आहे, सोमवारी येतो, तोवर अपिलातला मेडिकलचा, म्हणजे वैद्यकीय पुराव्याचा, भाग काढून ठेव, असं मला सांगून गेले.

रविवारी दुपारपासून त्यांचा फोन बंद होता. मला त्यात काही वाटलं नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू धावत आल्या आणि टीव्ही लावा म्हणाल्या. पडद्यावर एक बस दिसत होती, खिडक्यांना पडदे लावलेली. सत्ताधारी पक्षाचे काही विधायक फुटलेत, दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा हॉटेलात आहेत, सरकार धोक्यात आहे, असं निवेदक ओरडून सांगत होता. मग फोटो दाखवायला लागले. चौथा फोटो बाबांचा होता, निवडणुकीच्या पोस्टरवरचा, हात जोडलेला.

आईने टीव्हीचा आवाज कमी केला. बंद मात्र केला नाही.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला गल्लीत घोषणा सुरू झाल्या. "गद्दार" हा शब्द मी टीव्हीवर पुष्कळदा ऐकला होता, पण आपल्या घराच्या भिंतीवर आपटून तो आत येतो तेव्हा वेगळा वाटतो. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर निम्मे चेहरे ओळखीचे. याच लोकांनी निकालाच्या दिवशी बाबांना खांद्यावर घेतलं होतं. एकाने दारावरच्या पाटीला काळं फासलं. त्याची जमानत दोन वर्षांपूर्वी मीच करून दिली होती. फासून झाल्यावर त्याने वर खिडकीकडे पाहिलं, मी दिसल्यावर नजर वळवली, आणि पुन्हा घोषणा द्यायला लागला.

दुपारी दोन पोलीस आले आणि दारात खुर्च्या टाकून बसले. आईने त्यांना पोहे दिले. मी म्हटलं, "आई, कशाला?" ती म्हणाली, "ते बिचारे उन्हात बसलेत. त्यांनी काय केलंय?"

माझं काम मेडिकलचा भाग काढायचं होतं, म्हणून मी तो काढत बसले. एक पान वाचायचं, बाहेर आवाज वाढला की उठून फट बघायची, परत तेच पान वाचायचं. बाबांचा नंबर मी त्या दिवशी किती वेळा लावला ते सांगत नाही.

मंगळवारी पक्षाच्या बायकांचा मोर्चा आला. एकीच्या हातात थाळी होती आणि थाळीत हिरव्या बांगड्या. विधायकजींना घालायला द्या, असं त्या सांगत होत्या आणि समोर कॅमेरे होते. मी आईला म्हटलं, तू जाऊ नको. तिने पदर खोचला आणि गेली. उंबऱ्यात उभी राहून तिने थाळीतली एक बांगडी उचलली, हातात चढवून पाहिली. ती अंगठ्याशीच अडली.

"ये नाप का कोई हाथ नहीं है घर में," ती शांतपणे म्हणाली. "और वो हैं नहीं. आएँगे तो बता दूँगी कि आप लोग आए थे."

थाळी घेतली, ओट्यावर ठेवली आणि आत आली. कॅमेऱ्यावाल्यांना याचं काय करावं ते कळलं नाही. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले तर ती परातीत कणीक घेऊन मळायला बसली होती. पोळ्या सकाळीच झाल्या होत्या. मी पाणी ओतून दिलं.

त्याच दिवशी दुपारी हम्मालाची बायको मागच्या बोळातून आली. पुढच्या दाराने यायची तिची हिंमत झाली नव्हती. मी तिला बसवलं. तिने विचारलं, "वकील साहब नहीं आएँगे क्या?"

मी तिला खरं ते सांगितलं. ते येतील असं वाटत नाही. आपण कोर्टाकडून वेळ मागू शकतो. पण पुढच्या आठवड्यापासून न्यायमूर्तींची खंडपीठं बदलणार आहेत, मग हे अपील परत कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. वर्ष जाईल, दोनही जातील.

तिच्या नखांत धान्याची धूळ होती आणि ती एका नखाने दुसरं साफ करत होती. मग म्हणाली, "तो आप ही बोल दो ना, दीदी. आप भी तो वकील हो."

मी तोवर खुनाचं एकही अपील एकटीने चालवलं नव्हतं. दोन न्यायमूर्तींपुढे उभी राहिले होते ती तारीख मागायला. मी बाबांच्या एका जुन्या मित्राला फोन केला, ते मोठे वकील आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की तारीख घे. "या आठवड्यात तुझं आडनाव पुकारलं की सगळं कोर्ट मान वळवून बघेल. पक्षकाराचं नुकसान करशील." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी रात्रीचं जेवण झाल्यावर मी टॉर्चचा मुद्दा लिहायला घेतला आणि एकाच ठिकाणी येऊन थांबत राहिले. न्यायमूर्ती विचारणार की हे साक्षीदाराला जिरहमध्ये विचारलं होतं का. कायदाही तेच सांगतो. साक्षीदाराचं आधीचं म्हणणं त्याच्याविरुद्ध वापरायचं तर ते त्याच्यापुढे ठेवून त्याला खुलासा करायची संधी द्यावी लागते. ती दिली नव्हती. पुढे काय बोलायचं?

बुधवारी सकाळी भिया आले. त्यांना सगळं शहर भियाच म्हणतं. पक्षातलं मोठं प्रस्थ. मी सहा वर्षांची असल्यापासून ते आमच्या घरी यायचे, मला बेटा म्हणायचे. ते आले तसे बाहेरच्या घोषणा आपोआप थांबल्या. तेव्हा मला कळलं की त्या कुणाच्या सांगण्यावरून चालू होत्या.

त्यांनी टेबलावर एक टाईप केलेली याचिका ठेवली. बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे अमुक माणसाला बेकायदा डांबून ठेवलंय, त्याला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी. अर्जदार म्हणून माझं नाव होतं. सोबत माझंच शपथपत्र तयार होतं. माझ्या वडिलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध, धाक दाखवून हॉटेलात कोंडून ठेवलं आहे, हे मला वैयक्तिक माहितीवरून ठाऊक आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीची जागा मोकळी.

भियांनी मला समजावून सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. एकदा ही याचिका लागली की बाबा गद्दार राहत नाहीत, बिचारे ठरतात. गर्दी आजच उठेल. पाटी ते स्वतः उभं राहून पुसून घेतील. आणि शनिवारी विश्वासमत आहे, त्याआधी कोर्टाने त्यांना हजर करा म्हटलं तर सरकारही वाचेल. "इसमें सबका भला है, बेटा."

मी म्हटलं, "पण अंकल, मला माहीतच नाहीये की ते स्वतः गेलेत की त्यांना नेलंय."

"बेटी को नहीं पता होगा तो किसको होगा?"

मी एक दिवस मागितला. त्यांनी घड्याळ पाहिलं. उद्या सकाळी दहापर्यंत, म्हणाले. उठता उठता आईला नमस्कार केला आणि पुढे असं म्हणाले की बाहेरच्या मुलांना ते आजच्यापुरते आवरतील, पण उद्याचं त्यांच्या हातात नाही.

याचिका टेबलावर तशीच राहिली. सही करायला दोन सेकंद लागले असते. मी खोटं सांगत नाही, दुपारी मी पेन हातात घेतलं होतं.

चारच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला आणि बाबांचा आवाज आला, दबलेला.

"बाळ, अपील उद्याच आहे ना?"

"हो. बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"कितव्या नंबरवर लागलंय?"

"अकराव्या. बाबा, मला एवढंच सांगा. तुम्ही स्वतःहून गेलात की तुम्हाला नेलं?"

मागे बशा-चमच्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं.

"मेडिकल आधी घे," ते म्हणाले. "टॉर्च शेवटी."

"बाबा, मी काय विचारते आहे?"

फोन बंद झाला. मी तो नंबर परत लावला. एका माणसाने उचलला, हॉटेलमध्ये वेटर आहे म्हणाला, आणि घाबरून ठेवून दिला.

आई दारात उभी होती. तिने विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं की अपीलचं विचारत होते, बाकी काही नाही. ती आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर पक्षकार बसतात, आई तिथे कधी बसत नसे. याचिका तिने वाचली, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

"सही करायची की नाही ते तू ठरव," ती म्हणाली. "पण मला माहीत आहे ते सांगते. शनिवारी जाताना त्यांनी ते नवं जॅकेट इस्त्री करून मागितलं. दोन दिवसांच्या बैठकीला ते जॅकेट कशाला? मी विचारलं. म्हणाले, लागेल कदाचित. आणि हसले."

"हे तू चार दिवस बोलली नाहीस?"

"कुणाला सांगू? स्वतःलाच सांगत नव्हते."

मंत्रिपदाच्या शपथविधीला घालायचं जॅकेट. पेन मी खाली ठेवलं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि त्या रागात उरलेली संध्याकाळ मी सगळे मुद्दे लिहून काढले.

गुरुवारी सकाळी नऊला मी भियांना फोन केला आणि सांगितलं की जे मला माहीत नाही ते मी शपथेवर लिहू शकत नाही. "ठीक है बेटा. फिर हमसे मत कहना," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी कोट घेऊन खाली उतरले तेव्हा गर्दी कालच्यापेक्षा मोठी होती. दोघांतला एक पोलीस माझ्या स्कूटरबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आला. वाट मिळाली, पण कुणीतरी मागून स्कूटरच्या सीटवर जोरात हात मारला आणि स्कूटर हलली. मी पाय टेकवला नाही, तशीच पुढे काढली. आईला एकटीला घरी सोडून मी चालले होते, आणि वाटेतल्या पुलापर्यंत मी फक्त तेवढाच विचार करत होते.

बार रूममध्ये मी गेले तशी बोलणी थांबली, मग हळू आवाजात पुन्हा सुरू झाली. हम्मालाची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. तिने त्या दिवशी धुतलेली पांढरी ओढणी घेतली होती. आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर आला.

मोठ्या न्यायमूर्तींनी वकीलपत्रावरचं नाव वाचलं आणि विचारलं की आपले सीनियर कुठे आहेत. मागे कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, ते आज उपलब्ध नाहीत, मी तयार आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि बोलायला सांगितलं.

मेडिकलचा भाग बरा गेला. घावाची दिशा, खोली, सगळं मी चार-पाच दिवस घोकलं होतं. मग टॉर्च. मी फिर्याद वाचून दाखवली, चौकीदाराची साक्ष वाचून दाखवली. दुसऱ्या न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं.

"ये बात गवाह से जिरह में पूछी गई थी?"

"नहीं, माय लॉर्ड."

"क्यों नहीं?"

याचं उत्तर गुळमुळीत देता आलं असतं. नजरचुकीने राहिलं, असं लोक म्हणतात. मी तसंच लिहूनही आणलं होतं. पण तिथे उभी असताना मला एवढंच दिसत होतं की ते वाक्य ऐकून न्यायमूर्ती मान हलवतील आणि पुढचं पान उलटतील.

मी म्हटलं, "उस दिन वकील साहब जल्दी में थे. दोपहर में उनकी चुनावी सभा थी. वो वकील मेरे पिता हैं. मैं उनके पीछे बैठी थी, मैंने भी नहीं देखा. चूक हम दोनों की है, मुल्ज़िम की नहीं."

सरकारी वकिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"आप समझ रही हैं, आप क्या कह रही हैं?" मोठ्या न्यायमूर्तींनी विचारलं.

"जी."

मग मी पुढचं बोलले. फिर्याद आम्ही आणलेली नाही, सरकारनेच पुराव्यात दाखल केलेली आहे. उजेड होता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची होती, आणि उजेडाबद्दल अख्ख्या खटल्यात एक शब्द नाही. सरकारी वकील उठले आणि म्हणाले की हरलेला प्रत्येक वकील असं म्हणायला लागला तर कुठलाच निकाल टिकायचा नाही. अर्धा तास हे चाललं. शेवटी न्यायमूर्तींनी निकाल राखून ठेवला. बाहेर आल्यावर हम्मालाच्या बायकोने विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, अजून काही नाही. मी तिच्या शेजारी त्याच खांबाला टेकून उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. बेटीनेच कोर्टात सांगितलं की बापाला खुर्चीपुढे माणसाच्या जिवाची किंमत नाही. मी असं म्हटलं नव्हतं. पण फार वेगळंही म्हटलं नव्हतं. आईने वाचलं, मोबाईल उलटा ठेवला आणि मला जेवायला बसवलं.

शनिवारी विश्वासमत झालं. हॉटेलातले काही जण आदल्या दिवशी निसटून परत आले, त्यामुळे सरकार थोडक्यात वाचलं. परत आलेल्यांत बाबा नव्हते. उरलेल्यांनी राजीनामे दिले, त्यात बाबांचा होता. गल्लीतली गर्दी एका तासात नाहीशी झाली.

सोमवारी दुपारी बाबा टॅक्सीने आले. एकटेच. काळं फासलेल्या पाटीपुढे क्षणभर थांबले, मग आत येऊन स्वयंपाकघरात बसले. आईने पाणी दिलं. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मला कुणी नेलं नव्हतं."

मग ते सांगत गेले. सरकार पडलं असतं तर नव्या सरकारात त्यांना कायदा खातं देणार होते. ते मिळालं असतं तर हम्मालांसाठी करता आलं असतं, जेलात सडणाऱ्या लोकांच्या अपिलांसाठी करता आलं असतं. या पक्षात दीड वर्ष कुणी त्यांचं ऐकून घेत नव्हतं, हेही खरं होतं. आईने ते सगळं ऐकलं.

"तुम्हाला मंत्री व्हायचं होतं," ती म्हणाली. "तेवढंच म्हणा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "व्हायचं होतं."

कोर्टात मी काय बोलले ते त्यांना हॉटेलातच कळलं होतं. कुणीतरी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत. पुढचे दिवस आम्ही एकाच ऑफिसात समोरासमोर बसत होतो आणि तारखा, नकला, अर्ज सोडून एक शब्द बोलत नव्हतो. चहा आला की ते आपला कप घेऊन गॅलरीत जायचे. मला वाटायचं, माफी मागावी. मग वाटायचं, कशाची?

तीन आठवड्यांनी निकाल आला. हम्माल सुटला. संशयाचा फायदा देऊन, पण सुटला. निकालात एक परिच्छेद असा होता की आपल्या वकिलाच्या घाईची शिक्षा आरोपीने भोगावी असं न्यायाला मान्य करता येत नाही. मी प्रत बाबांपुढे ठेवली. त्यांनी तो परिच्छेद वाचला, पुन्हा वाचला.

"बरोबर लिहिलंय," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तूही बरोबर बोललीस. मला ते सांगायला इतके दिवस लागले."

सुटकेच्या दिवशी आम्ही दोघं जेलच्या फाटकावर गेलो. बायको आधीच येऊन उभी होती. हम्माल बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, केस सगळे पांढरे झाले होते. तो आधी बायकोजवळ गेला. मग बाबांसमोर येऊन उभा राहिला. आभार मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत.

"सात साल, साहब," तो म्हणाला.

"हाँ," बाबा म्हणाले.

मग बायकोने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती दोघं रस्ता ओलांडून गेली.

पोटनिवडणुकीत बाबा नव्या पक्षाकडून उभे राहिले. आई आणि मी, दोघीही प्रचाराला गेलो नाही. ते पडले, आणि सियागंजच्या बूथवर सगळ्यात वाईट पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून कोर्टात निघाले, तेव्हा मी विचारलं की आज कशाला, आराम करा. म्हणाले, पेशी आहे.

आता ते नियमित कोर्टात येतात. चौकीदाराची जिरह असो की डॉक्टरची, आदल्या दिवशी सगळे कागद दोनदा वाचतात आणि मलाही वाचायला लावतात. त्यांच्यावरचा माझा राग पुष्कळ कमी झालाय. सगळा गेला असं म्हणता येणार नाही.

मागच्या महिन्यात दोन माणसं घरी आली होती. पुढच्या निवडणुकीच्या तिकिटाचं बोलत होती. बाबा नाही म्हणाले नाहीत, विचार करतो म्हणाले. आई आतून ऐकत होती आणि मीही ऐकत होते. माणसं गेल्यावर बाबा आत आले, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि जेवायला काय आहे ते विचारलं.